लॉगिन एक, हात दोन

'उगवण'ची बीटा उतरवून घेताना पहिल्याच पानावर लाल अक्षरांत पाटी होती: ही चाचणीची आवृत्ती आहे, रोजच्या कामाच्या मशीनवर टाकू नये. गंगीनं ती मोठ्यानं वाचून दाखवली आणि दुकानातल्या एकुलत्या एका मशीनवर बीटा टाकायला घेतली.

"टाकू नये म्हणालेत की गं," तिचे वडील, आप्पा, म्हणाले.

"म्हणू देत. दुसरं मशीन हाय काय आपल्यात?"

गडहिंग्लजच्या बसस्टँडमागं 'शिंत्रे फ्लेक्स' नावाचं दहा बाय बाराचं दुकान. त्यात एक प्रिंटर, एक पंखा, दोन खुर्च्या आणि गंगीएवढंच वय झालेलं कॉम्प्युटरचं एक मशीन. त्या दिवाळीपासून मोठ्या कंपनीच्या सिस्टिमनं जुन्या मशीनना दार लावून घेतलं होतं. चालू केलं की पडदाभर एकच ओळ: आपलं यंत्र आता पात्र नाही.

'पात्र नाही' हे शब्द गंगीच्या ओळखीचे होते. नववीत गणिताच्या सरांनी हेच शब्द अख्ख्या वर्गासमोर तिच्या तोंडावर मारले होते. तिनं टेबलावरचं डस्टर उचललं, खिडकीतून बाहेर भिरकावलं, दप्तर घेतलं आणि सरळ दुकानात येऊन बसली. परत काय गेली नाही. आता कुणी मशीनला पात्र नाही म्हणतंय म्हटल्यावर तिचं डोकं तव्यासारखं तापलं.

'उगवण' ही मशीन चालवणारी दुसरी सिस्टिम, लिनक्सचंच एक मराठी रोप. लिनक्सला मालक नाही. त्याचा कोड उघडा असतो, ज्याला पाहिजे त्यानं बघावा, मोडावा, परत जोडावा. जगभरातली माणसं आपापल्या उरलेल्या वेळात तो लिहितात. बीटा टाकणाऱ्यानं फक्त वापरायचं आणि कुठं ठेच लागली ते कळवायचं. ठेच शोधण्यात गंगीचा हात धरणारं कुणी नव्हतं. जन्मापासून ती दुसऱ्यांच्या चुकाच काढत आली होती.

सिस्टिम बसताना पडद्यावर एक सूचना आली: मशीन वापरणाऱ्या प्रत्येकाचं वेगळं खातं करा. गंगीनं एकच केलं. नाव 'दुकान', पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर लिहिलेला, तोच जुना. शटर एक, गल्ला एक, लॉगिन एक. दुकानात कोण वेगवेगळी खाती करत बसतंय?

मशीन सुरू झालं आणि आप्पा खुर्चीतून उठले.

"आगा बाबौ. ह्येच का आपलं मशीन?"

पूर्वी मोठा फ्लेक्स उघडायचा तर चहा पिऊन यावं लागायचं. आता बोट लागायच्या आत उघडत होता. ही सगळी 'सावली'ची करामत. बीटातली नवी गोष्ट तीच होती, आणि टेस्टरांच्या ग्रुपवर सगळे तिच्यावरच खूश होते.

सावली कशी चालते ते गंगीनं वाचून काढलं. माणूस बटण दाबतो त्याच्या किंचित आधी त्याचा हात ते बोलून गेलेला असतो. माऊस मंदावतो, बोटाखाली बारीक थरथरतो, बाण सरळ जाता जाता जरासा वळतो. डोळ्याला हे दिसत नाही, मशीनला दिसतं. त्यात रोजची सवय मिळवली, की आता पुढं काय होणार ह्यावर सावली पैज लावायची आणि तुम्ही सांगायच्या आत काम उरकून टाकायची. पैज जिंकली तर तुम्हाला वाटणार मशीन वाऱ्यावर पळतंय. हरली, तर केलेलं गुपचूप पुसून टाकायचं, तुम्हाला पत्तासुद्धा नाही. मशीन जुनं ते जुनंच. फक्त ते तुमच्या पापणीभर पुढं जाऊन उभं राहायचं.

सेटिंगमध्ये एक पट्टी होती, एका टोकाला 'सावध' आणि दुसऱ्या टोकाला 'धीट'. गंगीनं ती कुठं ओढली हे सांगायची गरज नाही.

पहिला आठवडा नुसती मजा. फुटबॉल क्लबचा किरण्या तेली गोलकीपरच्या सत्काराचा फ्लेक्स करायला आला. त्यानं तोंड उघडायच्या आत गोलकीपरच्या डोळ्यांवर काळा गॉगल चढला आणि खाली शुभेच्छुकांच्या गोल मुंडक्यांच्या तीन ओळी लागल्या.

"आयला, मनातलं कळालंय बघ ह्याला!" किरण्या म्हणाला.

"तुझ्या मनात दुसरं असतंय काय?" गंगी म्हणाली. "गॉगल आणि मुंडकी."

पण हळूहळू तिला काहीतरी खुपायला लागलं. आप्पा आधीचे पेंटर. ब्रशचे दिवस गेले तरी फ्लेक्सवरची मोठी अक्षरं ते आयती घ्यायचे नाहीत. माऊसनं एकेक टोक ओढून वळण द्यायचे, कधी वेलांटी ताणायचे, कधी काना बुटका ठेवायचे. आता ते वळण सुरू करायचे आणि सावली पूर्ण करून टाकायची. आप्पांच्याच हाताचं, पण मागच्या महिन्यातलं. आप्पा एकदा बघायचे, 'बरं हाय' म्हणायचे आणि सोडून द्यायचे. पुढं पुढं तर ते माऊसवर नुसता हात ठेवून बसायला लागले, पाटावर बसून कुणी वाढायची वाट बघावी तसे.

किरण्या दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणालाच, "आप्पा, ह्यो मागलाच बोर्ड हाय काय?"

गंगीनं किरण्याला दमात घेतलं, पण बोर्ड तिनंही बघितला होता. पोरगा खोटं बोलत नव्हता.

मग ते कोपऱ्यातलं सुरू झालं.

संध्याकाळी दिवाबत्तीच्या सुमाराला पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात काहीतरी हिरवं लवायचं. डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं, आलं की गेलं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. गंगीला दिसलं, आणि दोन दिवसांनी त्याच वेळेला परत दिसलं. तिसऱ्या खेपेला ती फोन स्टुलावर उभा करून बसली. पडद्याचं शूटिंग केलं आणि ते गोगलगायीच्या चालीनं चालवून बघितलं.

हिरव्या पट्टीत नाव होतं: अक्का. आणि त्याच्या पुढच्याच क्षणी: कॉल तोडला.

अक्का म्हणजे नीलांबिका, गंगीची थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी तिनं निपाणीला स्वतःचं फ्लेक्सचं दुकान टाकलं आणि आप्पांची दोन जुनी गिऱ्हाइकं तिच्या मागोमाग तिकडं गेली. 'आली' असं अक्का म्हणायची, 'पळवली' असं आप्पा. आई असती तर मध्ये पडली असती, पण ती त्याच्या आधीच वारलेली. जाताना अक्का गंगीला म्हणाली होती, "तू तरी धड शाळा शीक," आणि गंगीनं त्याच दिवशी तिला आपल्या मोबाइलवर ब्लॉक करून टाकलं होतं. मग अक्का दुकानाच्या नंबरावर फोन करायची. तो नंबर ह्या मशीनलाच जोडलेला, त्यामुळं फोन पडद्यावरच वाजायचा. वाजला की आप्पा खुर्ची सरकवून बाहेर रस्त्यावर जायचे आणि गंगी खटकन तोडायची.

बीटा टाकल्यावर पहिले काही दिवस तो वाजला आणि मग यायचाच बंद झाला होता. दमली असेल, असं गंगीला वाटलं होतं.

आणि इकडं अक्का फोन करतच होती. दुकानात घंटा वाजायच्या आत सावली तो कापत होती.

गंगीनं बग लिहिला, म्हणजे सिस्टिमच्या चुकीची तक्रार नोंदवली. मोठ्या अक्षरांत, शिव्या तेवढ्या गाळून. अर्ध्या तासात उत्तर आलं: वापरणाऱ्यानं ह्या नंबराचा प्रत्येक कॉल तोडलेला आहे, सावली अपेक्षेप्रमाणेच चालते आहे, बग बंद.

तिनं तो परत उघडला. खाली लिहिलं: अपेक्षा कुणाची?

परत बंद झाला. तिनं परत उघडला. असं तीनदा झाल्यावर सावलीचा कोड सांभाळणाऱ्या बाईंनीच तिला फोन लावला. मुग्धा सबनीस त्यांचं नाव. नाशकात कॉलेजात शिकवायच्या आणि उरलेला वेळ 'उगवण'ला द्यायच्या.

"गंगा ना? तू फार चिडली आहेस."

"चिडू नको तर काय करू ताई? माझ्या बापाच्या वतीनं फोन तोडणारी तुमची सावली कोण?"

"हे बघ, तो नंबर तुमच्याकडे एकदाही उचलला गेलेला नाही. एकदासुद्धा. मग ह्यापुढे उचलला जाईल असं तिनं कशावरून धरायचं?"

"धरायचं कशाला पण? वाजू द्यायचं! वाजलं की माणूस बघंल काय करायचं ते."

"अगं, पण अंदाज चुकला तर ती केलेलं मागे घेतेच."

"फोन कसा मागं घेणार?" गंगी ओरडली. "खिडकी उघडली तर मिटता येतीय. अक्षर काढलं तर पुसता येतंय. तिकडं माणूस फोन कानाला लावून उभं हाय, हिकडनं तोडला. ते कसं पुसणार तुम्ही? पुसता येत न्हाई तिथं पैज लावायचीच न्हाई. एवढं साधं मी सांगतो ते कळंना काय?"

मुग्धाताईंनी विचारलं, "सांगतो?"

"आमच्यात पोरीबी असंच म्हणत्यात. ह्योबी बग हाय काय?"

मुग्धाताई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "तुझा मुद्दा बरोबर आहे. पण पक्की आवृत्ती सोमवारी निघतेय. हजारो टेस्टरांमध्ये ही तक्रार एकट्या तुझी आहे. मला थांबवायचं तर काहीतरी ठोस दाखवावं लागेल. सावलीनं तुमच्या हातांचं जे टिपलंय ते तुझ्या मशीनबाहेर येत नाही, तुलाच मला पडदा दाखवावा लागेल. चालेल?"

गंगीनं दाखवला. पडद्यावर आलेख आले, नदीच्या नकाशासारख्या रेषा. बाण कुठून कुठं गेला, किती थरथरला, कुठं अडला. मुग्धाताई बघत राहिल्या.

"एक विचारू? हे मशीन कोण कोण वापरतं?"

"मी आणि आप्पा."

"आणि खातं?"

"एकच."

"तरीच. सावलीला वाटतंय हा एकच माणूस आहे. एका खात्यात एक माणूस, हे आम्ही गृहीतच धरलंय. पण इथे हात दोन आहेत. ह्या जुन्या कॉल्सच्या वेळी बघ. पहिला हात सावकाश. फोन वाजला की तो बाणाला उचलायच्या बटणापर्यंत नेतो. तिथे थांबतो. बराच थांबतो. आणि मग माऊस सोडून देतो. बहुतेक वेळा हेच. मग दुसरा हात येतो. एकदम वेगात. अजिबात न अडखळता तोडतो."

गंगीनं रेष बघितली. ती कुणाची, हे कुणी सांगायची गरज नव्हती. सरळ, ताठ, तडक. तिच्यासारखीच.

"गंगा? आहेस ना?"

"हाय," गंगी म्हणाली. "ताई, ती सावली मी मुळापासनं उपटून टाकणार माझ्या मशीनमधनं."

"टाक. कोड तुझाही आहे. पण सांभाळून, बाकी बरंच काही तिच्यावर उभं आहे."

"आणि तुमच्यातनंबी काढायला लावणार. बग मी परत उघडणार."

"उघड," मुग्धाताई म्हणाल्या. "ह्या वेळी मी बंद करणार नाही."

सावली उपटणं म्हणजे उभ्या छपराखालचा वासा काढण्यासारखं काम. गंगीनं ते भर दुपारी, भर गिऱ्हाइकीत केलं. एकदा पडदा काळा पडला. एकदा प्रिंटर मशीनला ओळख दाखवेना. किरण्या तेली सत्काराच्या उरलेल्या बोर्डासाठी दारात उभा होता आणि आप्पांचा आवाज चढत चालला होता.

"बरं चाललेलं का मोडालीस गं? गिऱ्हाईक उभं हाय!"

"उभं राहू दे. पाय दुखले तर बसंल."

"ह्या पोरीला मस्ती आलीय," आप्पा किरण्याला म्हणाले. किरण्यानं मान डोलावली, गंगीनं त्याच्याकडं बघितलं, त्यानं मान डोलवायची थांबवली.

शेवटी मशीन सुरू झालं, आणि सुरू झालं ते बैलगाडीच्या चालीनं. बोर्ड उघडायला इतका वेळ लागला की किरण्या खरंच बसला. आप्पांनी माऊसवर हात ठेवला आणि वाट बघितली. काही झालं नाही. परत वाट बघितली.

"ह्ये काय करंना झालंय."

"ते न्हाई करणार आता. तुम्ही करायचं."

आप्पा पुटपुटत एकेक टोक ओढायला लागले. बोटं अवघडली होती. 'स'ची गाठ दोनदा चुकली. तिसऱ्यांदा त्यांनी ती मोडूनच टाकली आणि तिथं असला काही झोकदार फराटा मारला की किरण्या उठून पडद्याजवळ गेला. "ह्ये नवीन हाय!" तो म्हणाला. तो बोर्ड घेऊन गेल्यावर गंगीनं दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं.

"आप्पा, अक्काचा फोन येत हुता. रोजच्याला. मशीन परस्पर तोडत हुतं."

आप्पांचा चेहरा हलला नाही. "आधी तू तोडायचीस. मग मशीन तोडाय लागलं. त्यात काय?"

"तुम्हाला नको हुता म्हणून तोडत हुतो मी!"

"कोण म्हणालं नको हुता?"

"तुम्ही उठून बाहेर जायचा! फोन वाजला की ताडकन बाहेर! त्याचा अर्थ काय घ्यायचा माणसानं?"

आप्पा पंख्याकडं बघत म्हणाले, "मी बाहेर गेलो तर तू उचलशील म्हणून."

"आँ?"

"माझ्यादेखत तू उचलणार न्हाईस. तुझ्यादेखत मी उचलणार न्हाई. म्हटलं, दोघीच्या दोघी बोलतील. तुमचं जमलं की मग माझं जमंल." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आणि तू आपली रोज तोडून मोकळी. मला वाटलं, तुझा राग माझ्यापेक्षा मोठा हाय."

गंगीला ओरडायचं होतं. कुणावर ते ठरेना. सावलीवर ओरडावं तर तिला उपटून टाकली होती. आप्पांवर ओरडावं तर ते समोर चष्मा पुसत बसलेले. बापाच्या मनातलं आपल्याला पुरतं कळतं अशी पैज लावून ती दोन वर्षं बसली होती, आणि तीसुद्धा कुठल्या आलेखाशिवाय.

"तोंडानं सांगायला काय झालं हुतं तुम्हाला?" ती शेवटी म्हणाली.

"तुला ईचारायला काय झालं हुतं?" आप्पा म्हणाले.

मग दोघं कामाला लागली.

बग उघडाच होता. गंगीनं त्यात दोन्ही हातांच्या रेषा टाकल्या आणि खाली लिहिलं: तुमच्या हिशोबात एका खात्यात एक माणूस राहतो. आमच्याकडं एका खात्यात अख्खं घर राहतं. आम्ही काय करणार ते आमचं आम्हाला माहीत नसतं, तुम्हाला कुठलं कळणार? त्याखाली बघता बघता लोक जमायला लागले. बीडच्या एका ब्यूटी पार्लरवाल्या बाईनं लिहिलं, आमच्यातही एकच खातं, तिघीजणी वापरतो. चंद्रपूरच्या एका झेरॉक्सवाल्यानं लिहिलं, माझा भाऊ माझ्याशी अबोला धरून आहे असं वाटत होतं, आता तपासतो. मुग्धाताईंनी एवढंच लिहिलं होतं: सोमवार पुढे ढकलत आहोत. लगेच चारजणांनी त्यांच्याशी भांडायला सुरुवात केली होती. गंगी बाह्या सरसावून त्या चौघांना उत्तरं देत होती, तेवढ्यात मशीन वाजलं.

किती दिवसांनी वाजलं ते. दोघंही दचकली. कोपऱ्यातली हिरवी पट्टी आता लवून गेली नाही, ठाण मांडून बसली. अक्का.

आप्पांनी सवयीनं खुर्ची मागं सरकवली.

गंगी त्यांच्याआधी उठली. माऊस तिच्या हाताखाली होता. तिनं तो आप्पांच्या बाजूला ढकलला, एकही शब्द न बोलता अर्धं ओढलेलं दार उघडलं आणि बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. दुकानाकडं पाठ करून.

आत फोन वाजत राहिला. समोरून एस.टी. वळून गेली, तिच्या आवाजात क्षणभर तो बुडाला, परत वर आला. गंगीनं हाताच्या मुठी आवळल्या. आत जाऊन उचलावासा वाटत होता, तोडावासा वाटत होता, आप्पांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. ती जागची हलली नाही. वळूनही बघितलं नाही.

घंटा थांबली.

उचलला की दमून तिकडूनच ठेवला, काही कळायला मार्ग नव्हता.

"पिवळ्यावर पांढरं अक्षर कोण घालतं गं?" आतून आप्पांचा आवाज आला, चांगला खणखणीत. "हेच शिकवलं व्हय तुला? चौकातला तुझा बोर्ड लांबनं वाचता येत न्हाई. पार पेट्रोल पंपापर्यंत मागं जाऊन बघितलं मी. काय दिसत न्हाई!"

गंगी गर्रकन वळली. निपाणीला? हे कधी गेले होते निपाणीला?

स्पीकरवर आधी नुसती खरखर झाली. मग अक्काचा आवाज आला, बारीक, पण तिचाच, भांडायच्या तयारीतला.

"आप्पा, तुम्ही माझा बोर्ड बघायला कधी आला हुता?"

आप्पा बोलेनात. गंगी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. त्यांच्या वतीनं तिनं तोंड उघडलं नाही. मशीनही गप्प होतं. उत्तर द्यायला आप्पांना हवा तेवढा वेळ लागू दे.